वायगावजवळ बंद पडलेली मोटार

मी लग्न होऊन हिंगणघाटला आले ती शहात्तर साली. घरामागच्या कापसाच्या गोदामात, ताडपत्रीखाली, एक जुनी काळी विलायती मोटार विटांवर चढवून ठेवलेली होती. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि हे, दोघे एकाच दुकानात बसत; पण कापसाचा भाव सोडला तर त्यांच्यात शब्द होत नसे. दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची, हे मी आल्या आल्याच शिकले.

कारण मला शेजारच्या काकूंकडून कळलं. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. सासूबाई एका सकाळी अंगणातच कोसळल्या, शुद्ध गेली. ह्यांनी त्यांना त्या मोटारीत घालून सेवाग्रामचा रस्ता धरला. मामाजी मागच्या गादीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वायगावच्या अलीकडे मोटार बंद पडली ती पुन्हा सुरूच झाली नाही. बऱ्याच वेळानं एका ट्रकवाल्यानं त्यांना घेतलं. दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात सासूबाई गेल्या.

मामाजींनी मोटार बैल जुंपून ओढत आणवली, गोदामात लावली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. "गाडी तुह्या हवाली होती," एवढंच ते मुलाला म्हणाले होते.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मामाजींना छातीचं दुखणं सुरू झालं. एकदा चहा घेता घेता ते मला म्हणाले, "सूनबाई, मले गिरडले जा लागते." सासूबाई दरवर्षी गिरडच्या टेकडीवर फरीदबाबांच्या दर्ग्याला जात असत.

"एस.टी.नं जाऊ ना, मामाजी."

"एस.टी.नं नाई. तिच्या गाडीनं." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "त्याले दे."

मी किल्ली ह्यांना दिली. दुसऱ्या दिवशी हे दुकान सोडून गोदामात गेले.

ताडपत्री काढली तर आत उंदरांचा संसार. त्यांनी गाद्या कोरून त्यात सरकी भरून ठेवली होती. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट काळा गाळ झालेला. इंजिन पार आखडलं होतं. ह्यांनी प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि तेल सोडलं, आणि रोज सकाळी हँडल लावून बघू लागले. ते तसूभरही हलत नव्हतं.

मामाजी आधी दारातच स्टुलावर बसून पाहत. मग एक दिवस आत आले आणि पाना धरून उभे राहिले. मी चहा घेऊन गेले की दोघांचे हात काळे दिसत. बोलणं मात्र "तो दे", "हे धरा" एवढंच.

एका सकाळी हँडल फिरलं. मी तिथंच होते. हे घामानं निथळत होते. मामाजींनी विचारलं, "त्या दिवशी काऊन बंद पडली असन?"

"रोज तेच पाहून राह्यलो, बाबूजी. काईच सापडत नाई."

मामाजी खाली बसले. "चालली असती तरी ती वाचली नसती. डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं. मेंदूत रक्त फुटलं होतं. लवकर आणलं असतं तरी काई झालं नसतं."

"अन् तुमी मले सांगतलं नाई?"

"कोणावर तरी राग काढाले पाह्यजे होता. तू समोर होता."

ह्यांनी हँडल जमिनीवर ठेवलं. "इतके वर्सं मी धड झोपलो नाई," एवढं म्हणून ते बाहेर निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढं कित्येक दिवस गोदामाकडे फिरकले नाहीत. मामाजी रोज तिथं एकटेच जाऊन बसत. माझ्याही मनातून ते उतरले होते. भाकरी वाढताना मी त्यांच्याकडे बघत नसे. म्हाताऱ्याची दया येत होती, आणि ती येते म्हणून माझाच मला राग येत होता.

मग एका सकाळी हे आपणहून मामाजींच्या खाटेपाशी गेले. "उठा, बाबूजी. ब्याटरी लावाची हाये."

मोटार सुरू झाली तेव्हा मागच्या नळीतून धुरासोबत उंदरांनी कोंबलेल्या कापसाचे पुंजके बाहेर उडाले. मामाजींनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. ह्यांनी इंजिन तसंच चालू ठेवलं, मामाजींचं रडणं थांबेपर्यंत.

जाम, समुद्रपूर करत आम्ही हळूहळू गिरडला गेलो. टेकडी चढणं मामाजींच्यानं होणार नव्हतं. "मी बसतो बाबूजींपाशी, तू जाऊन ये," हे मला म्हणाले. मी एकटीच वर गेले, सासूबाईंच्या नावानं चादर चढवली.

खाली आले तर दोघे मोटारीच्या सावलीत बसलेले. मध्ये मी बांधून आणलेला डबा उघडा होता आणि दोघे एकाच डब्यातून जेवत होते. मामाजी सांगत होते, सासूबाई पहिल्यांदा मोटारीत बसल्या तेव्हा भीतीनं त्यांनी दाराची कडी कशी घट्ट धरून ठेवली होती. हे ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मंग?"