तीयल काळंच असतं

अर्धांगाचा झटका आल्यापासून शशिकलाचं बोलणं गेलं होतं, आणि चार दिवसांपासून तिने खाणंही सोडलं होतं. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. नीलकंठराव "ठीक है" म्हणाले. महिनाभर त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. औषध द्यायचं, चादर बदलायची, संपलं.

शशिकला मूळची केरळातल्या पालक्काडची. नर्स म्हणून झाशीला आली आणि कचेरीतल्या या मराठी कारकुनाशी लग्न करून बसली. माहेरचं एक कालवण तिच्या जिवाचं: तीयल. भाजलेलं खोबरं, चिंच, छोटे कांदे. तेवढं करून बघावं म्हणून नीलकंठरावांनी बड्या बाजारातून दोन नारळ आणले. "पूजा है, बाबूजी?" दुकानदाराने विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्याला समजावत कोण बसणार!

खोबरं, धणे, मिरच्या त्यांनी छान गुलाबी भाजल्या, घरात व्हायचं तसंच. मऊ भातात कालवून भरवलं, तर तिने पहिल्याच घासाला तोंड फिरवलं.

शेवटी पालक्काडला मेहुणीला, ओमनाला फोन लावला.

"जीजाजी, नारियल कैसा भूना?"

"गुलाबी. घर में जैसा होता है."

"गुलाबी?" ओमनाचा आवाज चढला. "तीयल मतलब ही जला हुआ. काला होने तक भूनते हैं. दीदी को तो मालूम है!"

दीदीला मालूम होतंच. पण खोबऱ्याने रंग धरला रे धरला की बाहेरच्या खोलीतून नीलकंठराव ओरडायचे, "अगं, करपलं!" आणि ती मुकाट्याने कढई उतरवायची. एकतीस वर्षं हेच. शहाण्याने कधी उठून आत जाऊन बघितलं नाही.

त्यांनी दुसरा नारळ फोडला. खोबरं तपकिरी झालं, धूर निघाला, डोळे चुरचुरले, तरी उलथनं थांबवलं नाही. काळपट वाटण चिंचेच्या कोळात उकळलं.

पहिला घास शशिकलाने जिभेवर धरून ठेवला, मग सावकाश गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. नळी टळली हे नीलकंठरावांना कळत होतं, पण आनंद काही होईना. वाटली ती लाज.

"अगं, एकदा तरी सांगायचं होतंस," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.