पुढच्या भागासाठी राखलेला डोळा

मॅजिक गाडीवर भाडी मारणारा वसंत वाडीच्या फाटकाशी आला तेव्हा मी चिकू निवडत होते. त्याने गाडी बंद केली नाही. आधी मुकादमाशी काहीतरी बोलला, मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. “काकी, चला. काका हायवेवर…” एवढंच तो म्हणाला. बाकीचं गाडीत सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, नजर समोर ठेवून. तलासरी नाक्याजवळ रस्ता ओलांडत होते. मधल्या दुभाजकापर्यंत नीट आले. तिथे जरा थांबले, मग पुढे निघाले आणि टेम्पोखाली आले. टेम्पो कुठल्या बाजूने आला, हे मी विचारलं नाही. तो रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. पहिल्या अर्ध्यात गाड्या उजव्या हाताने येतात, दुसऱ्या अर्ध्यात डाव्या. त्यांचा डावा डोळा पांढरा होता. त्या डोळ्याने त्यांना ऊन आणि सावली एवढंच कळायचं.

आता दोन महिने होत आले. चिकूच्या खोक्यांत घालायला वाडीत जुनी वर्तमानपत्रं येतात. त्यांच्या पुरवण्यांत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचते. त्यात सगळी माणसं प्रेमळ असतात. वाटलं, आपणही लिहावं. पण मला तसं लिहिता येणार नाही, कारण मला अजून राग आहे. त्यांचं नाव काशिनाथ. लग्नात घेतलं होतं, त्यानंतर तोंडाने कधी घेतलं नाही. इथे कागदावर घेते.

दोन हजार चौदाची दिवाळी झाल्यावर झाईला सिनेमावाले आले. काशिनाथ तेव्हा तिथे बंदरावर बर्फाच्या पेट्या उचलायचे, आणि कधी कोणाची होडी खाडीतून इकडची तिकडे न्यायचे. एका हेराचे सिनेमे आहेत, भाग एक, भाग दोन असे वर्षानुवर्षं निघतात, त्याचा नवा भाग होता. शेवटी हेर पोलिसांना चुकवून होडीतून पलीकडे जातो, त्यासाठी त्यांना होडीवाला हवा होता. मुंबईहून आणलेला माणूस होता म्हणे, पण टोपीवाल्या एका मुलीला बंदरावर काशिनाथ दिसले. तिने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि लांब कोणालातरी हाक मारली. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. त्या डोळ्याकडे आजवर लोकांनी नजर चुकवूनच पाहिलं होतं. त्याला कोणी हाक मारून दुसऱ्याला दाखवावं… त्यांचं काय झालं असेल, ते मला कळतं. राग मला पुढच्याचा आहे.

काम तीन दिवसांचं होतं. पहिल्या रात्री ते चिखलाने माखलेला शर्ट घालून घरी आले. मी सकाळी लवकर उठून तो धुतला आणि चुलीवर धरून वाळवला. मला वाटलं, सिनेमात माणूस स्वच्छ दिसावा. तिथे गेल्यावर आरडाओरड झाली. सिनेमावाल्यांचं काम असं की कालचं आणि आजचं एकमेकांना जुळलं पाहिजे. शर्टावरचा डाग, दाढी, केस, काही हलता कामा नये. तिघांनी मिळून फोटो बघत नव्या चिखलाने जुने डाग पुन्हा उमटवले. टोपीवाल्या मुलीने त्यांना बजावलं, “काका, कशाला हात लावायचा नाही. जसं आहे तसं ठेवा.” आणि निघताना, गाडीत बसता बसता म्हणाली, “पुढचा भाग इथूनच सुरू होणार. तुम्ही मेला नाहीत, म्हणजे तुम्ही आहात पुढे. डोळा सांभाळा.”

तिला त्या दिवशी शंभर कामं असतील. ती डहाणूपर्यंत पोचायच्या आत विसरली असेल. हे विसरले नाहीत. घरी आल्यावर तो शर्ट त्यांनी न धुता पिशवीत बांधून आढ्याला टांगला आणि मला म्हणाले, “याला हात लावलास तर बघ.”

सिनेमा आला. नाक्यावरच्या भास्करच्या चहाच्या टपरीत पोरांनी मोबाईलवर बघितला. शेवटी काशिनाथ दोनदा दिसतात. एकदा वल्हं मारताना, पाठमोरे, आणि एकदा वळून बघताना, नुसता तो डोळा. तेव्हापासून सगळे त्यांना हिरो म्हणायला लागले. काम संपलं की ते टपरीवर जाऊन बसायचे आणि तिथे हेराच्या सिनेमाचं पुढे काय होणार याचा विचार चालायचा. कोणी म्हणे, हेराला मारून टाकणार. कोणी म्हणे, पुढचा हेर बाई असेल. “बाई असली तर काशाला तिला होडीत बसवू देणार नाही काकी,” असं म्हणून हसायचे. मी पलीकडच्या दुकानातून तेल-मीठ घेऊन मान खाली घालून जायचे, मला सगळं ऐकू यायचं. मोठी माणसं, ज्यांची पोरं कारखान्यात बदली कामगार होती, ज्यांच्या भाताला पाणी नव्हतं, ती रोज संध्याकाळी एका खोट्या माणसाच्या भविष्याची चिंता करत बसायची.

पुढचा भाग आला नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. मग रानशेतच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. आमची मुलगी सुनंदा डहाणूला असते, तिने वडिलांना नेमकं काय सांगितलं कोण जाणे, पण ते तयार झाले. मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बॅटरीने बघून म्हणाल्या, मोतीबिंदू पिकलाय, काढला तर बरंच दिसेल. काशिनाथनी विचारलं, “काढल्यावर डोळा पांढराच राहील ना?”

बाईंना वाटलं ते घाबरलेत. “नाही हो बाबा, काळा होईल, दुसऱ्यासारखा.”

“मग नको,” ते म्हणाले आणि उठले.

बाईंना आधी हसू आलं, मग त्या चिडल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, तुम्ही समजवा यांना, घरचं माणूस सांगेल तर ऐकतील. मागे रांग होती. सगळे बघत होते. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. काशिनाथ म्हणाले, “तिला काय विचारता? तिने एकदा शर्ट धुतला होता, तेवढं पुरे.” रांगेतले लोक हसले. त्यांना शर्टाचं काही माहीत नव्हतं, तरी हसले. मी बोलले नाही. गाडीतही नाही, घरी येऊनही नाही.

तरीही मला आशा वाटली, कारण मग एक बातमी आली. सिनेमातल्या हिरोचं आणि सिनेमा काढणाऱ्यांचं भांडण झालं. तो हेराचं काम करणार नव्हता, दुसरा नट घेणार होते. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, संपलं एकदाचं, आता पुढल्या शिबिराला नेऊ. पण भास्करने टपरीवर पेपर मोठ्याने वाचला आणि वर आपली अक्कल लावली. “उलट तुझं काम वाढलं, काशा. हिरोचं तोंड बदललं तर लोकांना कळणार कसं, की हा तोच हेर? होडीवाला तोच पाहिजे. तुझा डोळा बघितला की लोक ओळखतील.” सगळ्यांनी माना डोलावल्या. भास्कर सातवी शिकलेला आहे. त्याचं बोलणं खरं वाटतं.

तेव्हापासून काशिनाथ डोळ्याला जास्तच जपायला लागले. ऊन लागू नये म्हणून डोक्यावरून त्या बाजूला टॉवेल सोडून चालायचे. म्हणजे जे थोडं कळत होतं, ऊन-सावली, तेही झाकलं. डाव्या खांद्याला खांब लागायचा, दाराची चौकट लागायची. एकदा सुनंदाच्या मुलाला तुडवलं. सुनंदा रडून म्हणाली, बाबा, तो सिनेमा गेला खड्ड्यात. तर तिच्याशी चार महिने बोलले नाहीत. माझ्याशीही त्यांनी कधी प्रेमाने चार शब्द बोलल्याचं आठवत नाही, पण डोळ्याशी ते आरशात बोलायचे.

त्यांच्या बाराव्याला भास्कर आला होता. मांडी घालून बसला, चहा घेतला आणि चारचौघांत म्हणाला, पुढचा भाग बघायला पाहिजे होते बिचारे, नशीब. मी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि आत नेला. माझ्याकडून झालं ते तेवढंच.

आणि शिमगा झाल्यावर तो भाग आला. मला बघायचा नव्हता. सुनंदाकडे गेले होते, तिथे जावयांच्या मोबाईलवर सुरू होता, आणि मला ती खाडी दिसली. आमची नव्हती, तशीच दुसरी कुठली तरी. नवा हेर होडीत बसला होता, आणि वल्हं मारणारा वळला… त्याचा डावा डोळा पांढरा होता. तरणा पोरगा, दंड भरलेले, दात स्वच्छ. अंगात तसलाच शर्ट, डाग त्याच जागी. मी मोबाईल हातात घेतला. जावयांनी तिथेच थांबवून दिलं.

सुनंदाला विचारलं, या पोराचा डोळा गेलाय का गं?

“नाही आई. पातळ काच असते, बुबुळावर बसवतात. काम झालं की काढून डबीत ठेवतात.”

“काढल्यावर दिसतं?”

“दिसतं की. न दिसायला काय झालं?”

मी पुढचं बघितलं नाही. कळलं नाही कोणाचा राग करू. त्या पोराचा काय करायचा, त्याने काम केलं. टोपीवालीचा केला, भास्करचा केला, सगळ्यांचा करून झाला तरी राग उरतो, आणि तो घेऊन मी संध्याकाळच्या बसने घरी येते.

दारातून आत गेलं की खाट अशी आहे की येणारा त्यांच्या डाव्या बाजूने यायचा. न सांगता कोणी आलं की ते दचकून हात उगारायचे. म्हणून इतकी वर्षं मी उंबऱ्यावरून सांगत आले, “मी आहे.” काही दिवशी माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच असायचं. खाटेवर मी आता मिरच्या वाळत घातल्या आहेत. तरी पाय उंबऱ्यावर पडला की तोंडातून निघतं, मी आहे. मग आपलंच बोलणं ऐकून उभी राहते. मिरच्या बाजूला सारून त्या खाटेवर अजून बसवत नाही.