आचाऱ्याचा इकरारनामा

आमच्या आचाऱ्याला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकानं फोडून नेलं, त्या दिवशी हिंगोलीच्या तहसील कचेरीतले आम्ही तेरा कारकून मुरमुरे खाऊन कामावर गेलो. निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. आम्ही सगळे बाहेरगावचे, बायकामुलं गावाकडं, म्हणून एक घर भाड्यानं घेऊन भागीदारीत खाणावळ चालवत होतो. पुढचे तीन दिवस आम्हीच आळीपाळीनं चुलीपुढं बसलो. चौथ्या दिवशी कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

मला पहिल्यापासून प्रश्न विचारायची खोड. नवा आचारी बघायचं ठरलं तेव्हा मी विचारलं, आचाऱ्याचा पगार ठरतो कसा? ठरत नाही, असतो, असं उत्तर मिळालं. पुरुष असला तर दरमहा चौदा रुपये हाली, म्हणजे निजामाच्या शिक्क्याचे, दोन वेळचं जेवण, दसऱ्याला धोतरजोडी आणि महिन्याला तंबाखूची एक पुडी. स्वयंपाकीणबाई असली तर जेवण, वर्षाला दोन लुगडी आणि हातखर्चाला तीन रुपये. चूल तीच, जेवणारी तोंडं तीच, मग असं का? खाणावळीचा कारभार आमच्या कचेरीतल्या पेशकारांकडे होता. वयानं आणि हुद्द्यानं तेच सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "तुमी नक्कलनवीस ना? मग नक्कल करा. अक्कल आमी चालवतो."

माझं काम खरंच तेवढं होतं. दिवसभर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवायचं. मजकूर काय आहे ते डोक्यात शिरलंच पाहिजे असं काही नव्हतं.

आचारी काही मिळेना. शेवटी शिरड शहापूरहून एक बाई आली, पस्तिशीची, डोक्यावरून पदर, हातात एवढंसं गाठोडं. नवरा औंढ्याला देवदर्शनाला येणाऱ्यांच्या पंगती करणारा आचारी होता, दोन वर्षांपूर्वी वारला. "पंगत त्यांच्या नावावर, पर शिजवत दोघंबी होतो," ती म्हणाली. आम्ही मोठे परीक्षक होऊन ओळीनं बसलो होतो. पुरणाला जायफळ किती, कढी फुटली तर काय, असले प्रश्न आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. पण पहिला प्रश्न तिनंच टाकला.

"सरपण कोणतं हाये?"

"पऱ्हाट्या," आम्ही म्हणालो. कपाशीच्या वाळक्या काड्या गावात फुकटात मिळायच्या.

"पऱ्हाट्या भाकरीला ठीक. भडकतात अन् इझतात. वरणाला बाभूळ लागंल. अन् तुमच्यात पोट नाजूक किती जणांचं हाये?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. तीन हात वर आले. थोड्या वेळानं पेशकारांचाही आला. आमचे प्रश्न मग कुणी काढलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परीक्षेचा स्वयंपाक केला. मी मुद्दाम दाराशी जाऊन उभा राहिलो. तेरा माणसांचं वरण, भरल्या वांग्यांची भाजी, कढी, भाकरी, आणि नैवेद्य व्हायचा म्हणून एक थेंबही जिभेला लावायचा नाही. मग मीठ बरोबर पडलं हे हिला कळतं कसं? मला राहवेना. मी विचारलं.

"वासानं."

"मिठाला वास असतो?"

"मिठाला न्हाई, भाऊ. पर मीठ पडलं की वरणाचा वास बदलतो. या, बघा."

मी वाकून हुंगलं. तिनं मूठभर मीठ सोडलं, ढवळलं, पुन्हा हुंगायला लावलं. मला दोन्ही वेळा वरणाचाच वास आला आणि वाफेनं नाक भाजलं. तेव्हापासून आजपर्यंत मी कित्येक पातेल्यांवर नाक धरून पाहिलंय. बायकोला वाटतं, मी तिच्या स्वयंपाकावर संशय घेतो.

जेवण असं झालं की पेशकारांनी वरण तिसऱ्यांदा मागून घेतलं. हात धुतल्यावर पगाराची बोलणी निघाली. जेवण, दोन लुगडी, तीन रुपये, पेशकारांनी सांगून टाकलं. बाई भिंतीला टेकून उभी होती.

"जेवणानं माझं पोट भरंल, साहेब. पर मला आठ वर्षांची पोरगी हाये. दिराच्या घरी ठेवली हाये, शेण काढून राहिली तिथं. तिला इथं आणायची तर खोली पाहिजे, तिच्यापुरती ज्वारी पाहिजे. आचाऱ्याला देत होता तेच मला द्या."

"बाईमाणसाला आचाऱ्याचा पगार कुठं असतो?" पेशकार म्हणाले. रागानं नाही, आज गुरुवार आहे असं सांगावं तसं म्हणाले. तिनं मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण मी दौत-टाक आणायला उठलो. ती जाणार तरी कुठं होती.

नोकर ठेवताना इकरारनामा, म्हणजे लेखी करार, करायची आमची पद्धत होती. कचेरीतली माणसं, कागदाशिवाय घास उतरायचा नाही. पेशकार मला म्हणाले, "मागचाच मजकूर उतरवा. नाव आणि पगार तेवढा बदला." मी जुना कागद समोर ठेवला आणि उतरवला. पेशकारांनी सही केली, मग बाकीच्यांनी केल्या. कचेरीतल्यासारखंच, वाचलं कुणीच नाही. शाईची गादी पुढं केली तेव्हा बाईनं हात मागं घेतला.

"आधी वाचून दाखवा. न वाचता अंगठा द्यायची न्हाई."

मी वाचू लागलो. "सदर आचाऱ्यास दरमहा रुपये चौदा हाली..." मी नाव तेवढं बदललं होतं, पगार जुनाच उतरवला होता. पण सुरू केलेलं वाचन थांबवता येईना. "...दसऱ्यास धोतरजोडी एक, दरमहा तंबाखू पुडी एक."

सगळे खो खो हसले. बाई हसली नाही.

"फाडा तो," पेशकार म्हणाले. "दुसरा लिहा."

"काहून फाडायचा?" बाई म्हणाली. "दिरानं माझं घर लिहून घेतलं तवा मी याच कचेरीत आले होते. मला वाचून न दाखवता अंगठा घेतला, असं तुमाला सांगितलं. तुमी म्हनलात, बाई, आता कागदावर हाये तेच खरं. मग याच्यावर हाये ते बी खरं असू द्या की."

हसू कुठल्या कुठं गेलं. मला लाज वाटली, अगदी मनापासून लाज वाटली. त्या घराच्या कागदाची नक्कल केली असेल तर ती मीच केली असणार, आणि मला त्यातला एक शब्दही आठवत नव्हता.

पेशकारांनी आपल्याच सहीकडं बघितलं. मग म्हणाले, "उद्या वरणाला बाभूळ आणवतो. द्या अंगठा."

महिन्याभरानं पोरगी आली. धोतरजोडी दसऱ्याला रीतसर दिली. तंबाखूची पुडी बाई दर महिन्याला घ्यायची आणि पेशकारांच्या ताटाशेजारी ठेवायची. तेही ती उचलून खिशात टाकायचे.

दिवाळीनंतर पोरीला शाळेत घालायचं ठरलं. अर्ज भरायला पेशकारच बसले. पोरगी समोर उभी राहिली. अंगात नवा परकर, रंगवलेला, तांबडा. काठ मात्र धोतराचा होता. पेशकारांनी तो पाहिला आणि दौत जवळ ओढली.

"पालकाचा धंदा?"

"आचारी," पोरगी म्हणाली.

ते तिला 'स्वयंपाकीण म्हण' असं सांगतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी लिहिलं, टीपकागदानं टिपलं आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"नक्कलनवीस, वाचून बघा. चूक राहायला नको."

मी सावकाश, शब्द न् शब्द वाचला. चूक नव्हती.