चिबडाच्या काठी आम्ही तिघी

सांगायला माणूस उरला नाही की किस्से साठतात. सांगितले असते तर संपले असते. माझ्याकडे एका चिबडाचेच इतके साठलेत की आता बसून लिहावे लागताहेत.

साखरा गावाच्या अलीकडं ओढा वळतो, तिथं ते चिबड, दलदलीची जागा. बारा महिने ओली. वर गवत, खाली काळा लगदा. पाय टाकला की गुडघा आत. उन्हाळ्यात सगळं शिवार भाजून निघतं तेव्हा हिरवं म्हणून तेवढंच. त्यामुळं बकऱ्या घेऊन आम्ही तिथं : मी, गयाबाई आणि रशीदाबी. शाळा माझी दुसरीतच सुटली. पुढचं सगळं मी भाच्याच्या जुन्या पुस्तकांतून आणि पहारीनं खणून शिकले. कुणाच्या उपकारानं नाही.

*

चिबड कसं झालं यावर आमचं कायम भांडण. गयाबाई म्हणायची, "देवीनं इथं पाय धुतले."

मी तिला बसवून समजावलं. ओढ्याखाली काळ्या दगडाची आडवी भिंत आहे. जमीन फाटली, खालून तापलेला रस वर आला आणि भेगेतच थिजला. त्या भिंतीला पाणी अडतं, मागं गाळ साचतो, पाला त्यात बुडून राहतो.

गयाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बराबर. भितीवर बसूनच धुतले असतील."

*

पाय दाबला की तिथं बुडबुडे यायचे. गयाबाई लगेच हात जोडायची. मी म्हटलं, "हात कशाला जोडतीस? खाली पाला अर्धवट सडलाय, त्याचा गॅस झालाय."

"गॅस झालाय?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी ती नैवेद्याच्या भाकरीबरोबर चिमूटभर ओवा घेऊन आली.

*

एकदा तिचा पांढरा बोकड पोटापर्यंत रुतला. रशीदाबीनं शिंगं धरली, मी गळ्यातला दोर, आणि गयाबाई काठावरून बोकडाच्या सात पिढ्या काढत होती. निघाला एकदाचा, पण डांबरात बुडवल्यासारखा. संध्याकाळी गयाबाईच्या सुनेनं त्याला दारातूनच हाकललं : "आत्याबाई, आपलं सोडून दुसऱ्याचं जनावर काहून आणलं?"

*

मी पैजेनं सांगितलं होतं की पुरुषभर खाली गेलं की मुरूम लागतो. रशीदाबीनं लांबच लांब बांबू आणला आणि मधोमध खुपसला. आम्ही दोघी त्यावर लोंबकळलो. बांबू गेला तो गेलाच, वरचं टोकसुद्धा दिसेना.

"कुठं हाय तुझा मुरूम?"

"पुढं आहे."

"व्हय," ती म्हणाली, "हैदराबादेत असंल."

मुरूम आहे. मी आजही सांगते, आहे. बांबू तिरका गेला.

*

गयाबाई गेली. तिच्या बकऱ्या सुनेनं बाजारात विकल्या. मग आम्ही दोघीच. मी पुस्तक नेऊन मोठ्यानं वाचायची, खडक, थर, गाळ, सगळं. घरात वाचलं तर भिंती ऐकतात. इथं निदान रशीदाबी होती. एकदा ती झोपली असं समजून मी वाचायची थांबले.

डोळे न उघडता म्हणाली, "वाच की. बकऱ्या पास व्हायला आल्या, तूच नापास होशील."

*

मग तिच्या मुलानं नांदेडात फ्लॅट घेतला. तो मला म्हणाला, "मावशी, तुमीच समजवा अम्मीला. तिथं लिफ्ट हाय, काही तकलीफ न्हाई." मी समजवणार नव्हते आणि समजवलंही नाही. पण बकऱ्यांचा सौदा झाला तेव्हा कळलं की ती जाणार.

जायच्या दिवशी सकाळी ती आपणहून चिबडावर आली. नवी साडी, नवी चप्पल. तिला थर दाखवायचे म्हणून मी काठाला खड्डा घेतला होता. वर काळी माती, तिच्याखाली लगदा. "मुरूम?" तिनं विचारलं. मी अजून एक ढेकूळ काढलं आणि तिच्यासमोर फोडलं.

आत पान निघालं. उंबराचं, अख्खं, शिरांसकट, हिरवट पिवळं, काल गळाल्यासारखं. या ओढ्याला उंबर मी जन्मात पाहिला नाही, माझ्या सासूनंही पाहिला नव्हता. रशीदाबीनं ते तळहातावर घेतलं. आम्ही दोघी वाकून बघत होतो आणि बघता बघता ते कडेनं काळवंडू लागलं. मग शिरा काळ्या झाल्या. कधीकाळचं ते, लगद्यात वाऱ्यावाचून टिकलेलं; वारा लागला, दुसरं काही नाही.

वर रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. मुलानं हाक मारली.

रशीदाबी खाली बसली, नव्या साडीसकट. पान खड्ड्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्यावर लगदा ओढायला लागली.

"झाक गं," ती मला म्हणाली, "बघत काय बसलीस, लवकर झाक."