उरलं कोण?

"सर, उरलं कोण?"

नाटक शिकवायला घेतलं की तो आधी शेवटचं पान उघडायचा आणि हे विचारायचा. मी वैतागायचो. "अरे बाबा, पहिला अंक तरी होऊ दे!"

पाटोद्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. त्या वर्षी बी.ए.ला परदेशातून मराठीत आलेलं एक जुनं सूडनाट्य होतं. खून झालेला बाप भूत होऊन येतो, मुलाकडून बदल्याचं वचन घेतो. मुलगा अंकामागून अंक घोळ घालतो आणि शेवटी प्रेतांचा खच पडतो.

तुम्ही कधी शिकवलं असेल, तर असा पोरगा तुम्हालाही ठाऊक असेल. मागचा बाक, खिडकीची जागा, तास चालू असतानाच डब्यातली भाकरी मोडणारा. याचं नाटकात लक्ष नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

एकदा वर्ग त्या नायकाला हसत होता. "भित्रा हाय बे!" कुणीतरी ओरडलं. हा उठून उभा राहिला.

"भित्रा न्हाई तो. वचन दुसऱ्यानं काढून घेतलंय, आन् हात याचे भरायचेत."

हसणारे एकदम वह्या चाळू लागले. कारण सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

तासानंतर जिन्यात त्यानंच सांगितलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीतल्या एकानं त्याच्या वडलांना कुऱ्हाडीनं मारलं होतं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. बहिणीचं लग्न लावू म्हणाले, आईला सांभाळू म्हणाले. कावळा बाभळीवरून हलेना. मग चुलत्यानं याची मान धरून गावासमोर वदवून घेतलं, "बापा, त्याला जित्ता सोडत न्हाई." कावळा लगेच खाली आला.

"नाटकात भूत येतंय, सर. आमच्यात कावळा," म्हणाला आणि हसला. ते हसणं मला अजून सोसत नाही.

मारणारा तेव्हा नुकताच जामिनावर सुटून आला होता. चुलता रोज टोचायचा, "का म्हून बसलाय घरात?"

नाटक संपलं त्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. "सर, याची लई मोठी चूक झाली. एकदा समोर जाऊन सांगायचं, मी मारणार न्हाई म्हणून. समदे उरले असते."

"आणि तू?"

"मी सांगून येतो."

"एकटा जाऊ नकोस," मी म्हणालो.

"दोघं गेलो तर त्यांना वाटंल, मारायलाच आलेत."

तो एकटाच गेला, रिकाम्या हातांनी. पण नदीवरचे त्याचे शब्द मारणाऱ्याच्या घरानंही ऐकले होते. अंगणात पाऊल पडताच त्यांनी कुऱ्हाड उचलली. त्याला बोलायला तरी मिळालं का, हे कोण सांगणार?

त्याच्या दहाव्याला मी गेलो. नदी तीच, बाभूळ तीच. पिंड ठेवला, कावळा वर बसून राहिला. बराच वेळ गेल्यावर चुलता पुढं झाला, हात जोडून बोलू लागला, तोच आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

"कुणी काय बी बोलायचं न्हाई. न्हाई शिवला तर न्हाई शिवला."

दुपार कलली, तरी कुणी बोललं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून दिला. आईनं तो आपल्या हातानं पिंडाला शिववला, लेकीला उठवलं आणि दोघी घराकडे चालू लागल्या.

उरलं कोण, ते मी पाहत उभा होतो.