ब्रेंडा आणि सासूची तेवीस गाणी

माझी बायको गेली त्या आठवड्यात शेजारची ब्रेंडा न विचारता रोज डबा ठेवून जायची. बोलणं मात्र तुटक. मूळची वसईची, मुलांच्या वॉर्डात नर्स. सोळा वर्षांखालच्यांची सोशल मीडियाची खाती बंद करण्याचा कायदा झाला, तेव्हा परदेशातल्या आमच्या या केलीव्हिलच्या गल्लीत पहिली टाळी तिचीच. "फोनपायी वॉर्डात ज्या पोरी येतात ना काका, त्या मी बघते," एवढंच म्हणाली.

डिसेंबर उजाडला, म्हणजे इथला भर उन्हाळा, आणि तो कायदा तिच्याच घरात शिरला. तिच्या सासूबाई, इव्हाबाई, वसईच्या लग्नांतली गाणी स्वयंपाकघरात बसून गायच्या आणि नात ॲबिगेल ती फोनवर टिपून अ‍ॅपवर टाकायची. फोनचं काम म्हणजे पोरांचं काम, म्हणून खातंही चौदा वर्षांच्या ॲबिगेलच्या नावाने. इव्हाबाई ईस्टरला वारल्या. गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

कंपनीकडे डाउनलोडची विनंती केली होती. लिंक आली नाही. आली ती नोटीस : मंगळवारपासून खातं कधीही बंद होईल.

मंगळवारी दुपारी मी गेलो तेव्हा नवराबायकोची जुंपली होती.

"वय तपासणाऱ्या स्कॅनला तुझा चेहरा दाखव ना," जेरोम म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"आणि पोरीला काय शिकवू? खोटं कसं बोलायचं ते?"

मीही तोंड घातलं. "माझी नाटकातली मेकअपची पेटी अजून आहे हो. विशीतल्या पोरी मी साठीच्या केल्यात, ही तर सहज—"

"काका, तुम्ही त्या कोपऱ्यात बसा."

बसलो. ॲबिगेलच्या फोनमध्ये गाणी उतरवून घ्यायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं तर वय विचारलं जाणार. मग तिचा फोन गाणी वाजवणार आणि ब्रेंडाचा टिपणार, असं ठरलं. आवाज नको म्हणून एसी बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. बाहेर एकोणचाळीस डिग्री. जेरोमला दारात उभं केलं, कुणी बेल वाजवू नये म्हणून.

पडदा वर जाण्याआधीची शांतता मी आयुष्यभर अनुभवली, पण इतकी गच्च नाही. मांडवाचं गाणं झालं, नवरीला न्हाऊ घालण्याचं झालं. नवव्या गाण्याला मला खोकला आला. ब्रेंडाने असं पाहिलं की मी तोंडात रुमाल कोंबला.

"परत घे," ती म्हणाली.

"मम्, वेळ जातोय!"

"परत घे."

सतरा. वीस. बावीस. ब्रेंडाच्या हनुवटीवरून घाम टेबलावर पडत होता. तेविसावं पाठवणीचं. इव्हाबाईंनी दुसरं कडवं उचललं आणि मधेच आवाज तुटला. ॲबिगेलने फोन झटकला, परत परत दाबला.

"इट्स गॉन," ती म्हणाली. "मम्, लॉगआउट झालं."

टेबलावर ब्रेंडाचा फोन अजून टिपतच होता. ब्रेंडाने खुर्चीची पाठ धरली आणि तुटलेल्या ओळीपासून गायला लागली. सूर खाली, चाल जराशी चुकलेली. दुसरं कडवं पुरं केलं. तिसऱ्याची एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली आणि थांबली.

"पुढचं मला येत नाही. आई शिकवत होत्या, मला शिफ्टला जायची घाई असायची."

ॲबिगेलने थोडा वेळ वाट पाहिली. मग ब्रेंडाच्या फोनवर स्टॉप दाबलं आणि पंखा लावला.