गल्लीच्या मधोमध गाणं

"अहो मावशी, तिथं नाय! इथं, मधात उभं ऱ्हावा!" गुलमंडीजवळच्या गल्लीत आपल्या भाचीच्या हळदीला आमचे शेजारी एका पाहुण्या मावशींना ओरडून सांगत होते. घरी कॉम्प्युटरवर बनवलेलं त्यांचं पहिलं गाणं चारचौघांत वाजत होतं.

या माणसाला सगळं ऐसपैस लागतं. चहाचा कप एका खिडकीत, बशी दुसरीत. माझ्या कानांवर हेडफोन चढवून म्हणतात, "वाद्यांना जागा द्या हो, जागा!" मग डाव्या कानात हलगी क्रांती चौकात कडाडते अन् उजव्या कानातली गाणारीण थेट वेरूळला पोचते.

हळदीला डाव्या कानाचा स्पीकर पंगतीपाशी, उजव्याचा मांडवापाशी. पंगतीला नुसती हलगी मिळाली; कवळी काढून ठेवलेले म्हातारेसुद्धा जिलबी धरून नाचले. मांडवात नुसते शब्द. तिथं बायकांच्या डोळ्यांतून गोदावरी वाहिली. अख्खं गाणं ऐकू येई ते फक्त मधल्या हातभर जागेत. तिथं त्यांनी एकेका पाहुण्याला दंड धरून आणलं, शेवटी हळदीनं माखलेल्या नवरीलाही. ती ऐकता ऐकता नाचायलाच लागली, अन् मामाची छाती इतकी फुगली की गल्ली अरुंद पडली.

"कसं वाटलं, मावशी?" त्यांनी विचारलं.

"चांगलंय. हलगी अन् शब्द एकाच डब्यातनं सोडले असते, तर बसून ऐकलं असतं."